संशोधकांचे दहा दिवस आणि वाडीवरची शाळा

दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. १९२८ साली याच दिवशी रामन यांनी आपला शोध जाहीर केला, आणि १९८७ पासून शासनाने हा दिवस पाळावयास आरंभ केला. त्या दिवशी देशभरच्या संशोधनसंस्थांची दारे उघडतात, शाळांच्या बसगाड्या येतात, तक्ते टांगले जातात, छायाचित्रे निघतात आणि संध्याकाळी दारे मिटतात. दुसऱ्या दिवशी तीच मुले फाटकाशी आली तर रखवालदार त्यांना हाकलून देईल. हा एका दिवसाचा सण म्हणजेच विज्ञान लोकांपर्यंत नेणे, अशी आपल्या विद्वानांनी सोयीस्कर समजूत करून घेतली आहे. ही समजूत मोडून काढणे हे केवळ शिक्षकांचे काम नाही. ते समाजवादी कार्यकर्त्यांचेही काम आहे.

काही वर्षांपूर्वी पनवेल तालुक्यातील एका कातकरी वाडीवरच्या शाळेची वीस-बावीस मुले घेऊन मी आणि तेथील गुरुजी अशाच एका प्रदर्शनाला गेलो होतो. संस्था कोणती हे सांगण्याचे कारण नाही. ती पनवेलातली नव्हती एवढे सांगितले म्हणजे पुरे. तक्ते सारे इंग्रजीत होते. एका टेबलावर चुंबकसूची मांडली होती. पाचवीतल्या एका मुलीने तिच्याकडे बराच वेळ टक लावून पाहिले आणि तेथे उभ्या असलेल्या तरुण संशोधकाला विचारले, ''वीज कडाडते तेव्हा ही सुई हलते का?'' गृहस्थ मराठीच होता. पण त्याने हसून ''गुड क्वेश्चन'' एवढेच म्हटले, घड्याळाकडे पाहिले आणि पुढच्या शाळेला आत बोलावले. बाहेर पडताना प्रत्येक मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवण्यात आला. परतीच्या वाटेवर गुरुजी म्हणाले, ''सर, पुडा मिळाला, उत्तर राहिले.''

मी अर्थशास्त्राचा माणूस. मला उत्तर ठाऊक नव्हते. भौतिकशास्त्राच्या जुन्या सहकाऱ्यांना विचारून आणि चार पुस्तके उलटून ते मिळवायला मला तीन आठवडे लागले. वीज म्हणजे प्रचंड विद्युत्प्रवाह. प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र असतेच. तेव्हा जवळ वीज पडली तर सुई हलणारच. एवढेच नव्हे, वीज ज्या खडकावर पडते तो खडकही चुंबकित होतो, आणि निसर्गात सापडणाऱ्या लोहचुंबकाला त्याचे बळ विजेच्या लोळातूनच मिळाले असावे, असे अनेक तज्ज्ञ मानतात. म्हणजे त्या पोरीने विचारलेला प्रश्न बाळबोध नव्हता. ज्या ठिकाणी तज्ज्ञ आजही थांबून विचार करतात, त्या ठिकाणी ती स्वतःच्या बुद्धीने जाऊन पोहोचली होती. उत्तर घेऊन मी वाडीवर गेलो तेव्हा ती तेथे नव्हती. आईबाप दिवाळीनंतरच वीटभट्टीवर गेले होते. आजीपाशी राहिलेल्या तिलाही धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी त्यांनी नेले होते.

असे किती प्रश्न वाया जातात याची नोंद राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही कोष्टकात होत नाही. मात्र नुकसान खरे आहे, आणि ते भरून काढणे ज्यांना शक्य आहे ते लोक आपल्या शेजारीच बसलेले आहेत.

शेजारी हा शब्द मी अक्षरशः वापरतो आहे. नवीन पनवेलमध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास करणारी ही राष्ट्रीय संस्था १९७१ पासून स्वायत्त आहे. पण तिची वंशावळ कुलाब्याच्या वेधशाळेपर्यंत, म्हणजे १८२६ सालापर्यंत जाते. तेथे १८४१ पासून चुंबकीय नोंदी होऊ लागल्या. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरून आलेल्या महाभयंकर चुंबकीय वादळाचा आघात पृथ्वीवर झाला, तेव्हा कुलाब्याची माणसे डोळ्यांनी यंत्र पाहून आकडे लिहीत होती. त्या वहीतील आकड्यांवरून २००३ साली त्या वादळाची तीव्रता नव्याने मांडण्यात आली आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी तिची दखल घेतली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील हे ओळखून, वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ साली हे काम अलिबागला हलविले. तेथील इमारत चुंबकीय नसलेल्या पोरबंदरी दगडाची बांधली आणि लोखंड कटाक्षाने टाळले. अलिबाग आणि पनवेल, दोन्ही आपल्या रायगड जिल्ह्यात. आमच्या जिल्ह्यातील किती शाळांत हा इतिहास सांगितला जातो?

याच इतिहासातील दुसरे एक नाव तर मराठी वाचकाला घरचे आहे. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे काही काळ कुलाबा वेधशाळेचा कारभार होता. याच बाळशास्त्रींनी १८४० साली 'दिग्दर्शन' मासिक काढून भूगोल, गणित, पदार्थविज्ञान असे विषय मराठीत आणले. वेधशाळेतला माणूस आणि लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगणारा माणूस, हे दोघे तेव्हा एकच होते. त्यांची फारकत आपण नंतर केली. तेव्हा संशोधकाने शाळेत जावे ही मागणी म्हणजे विलायतेहून आणलेले नवे खूळ आहे, असे कोणी समजू नये. मराठी विद्वत्तेच्या पहिल्या पिढीने घालून दिलेला तो धडा आहे आणि पुढच्या पिढ्यांनी तो विसरला.

आता विषय मुलांच्या पायाखालचा घ्या. कर्नाळा, प्रबळगड, माथेरान हा सारा डोंगर काळ्या कातळाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यातील लोहखनिजाच्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवली. १९५० च्या दशकात लंडनमध्ये पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या भोवती जमलेल्या संशोधकांनी दख्खनच्या खडकांतील ही दिशा मोजली, आणि हा भूभाग तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता व तेथून उत्तरेकडे सरकत आला, या निष्कर्षाला बळ मिळाले. या खडकांच्या फार मोठ्या भागात उत्तर-दक्षिण आजच्या उलट नोंदलेली आहे, कारण पृथ्वीचा चुंबक तेव्हा उलटा होता. हे ब्लॅकेट नोबेल पारितोषिकाचे मानकरी, विचाराने समाजवादी, शास्त्रीय कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष आणि नेहरूंचे सल्लागार होते. पनवेल-उरणच्या खाणींत हाच दगड फोडून खडी होते. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली तीही याच दगडाची. ज्याचा बाप हा दगड फोडतो, त्या मुलाला त्या दगडात काय लिहिले आहे हे कोणी सांगत नाही. जमीन गेली, डोंगर गेला. निदान त्या डोंगराचे ज्ञान तरी भूमिपुत्राच्या वाट्याला यावे की नाही?

येथे अर्थशास्त्राचा मुद्दा येतो. आपला देश संशोधन आणि विकास यांवर स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो. हा २०२०-२१ चा आकडा आहे. तो वाढला पाहिजे, ही शास्त्रज्ञांची मागणी रास्तच आहे. पण या खर्चातील निम्म्याहून अधिक वाटा सरकारचा आहे, म्हणजे करदात्यांचा आहे. करदाता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्राप्तिकर भरणारा नोकरदार उभा राहतो, हा मध्यमवर्गीय दृष्टिदोष होय. साबणाच्या वडीवर आणि बिस्किटाच्या पुड्यावर कातकरी मजूर जो अप्रत्यक्ष कर भरतो, त्यातूनही प्रयोगशाळेचे वीजबिल भागते. तेव्हा त्या मुलीच्या हातात ठेवलेला पुडा हे दान नव्हते. तिच्या आईबापांनी आधीच भरलेल्या पैशांतले चार पैसे परत आले, इतकेच. खरे देणे अजून बाकी आहे आणि ते ज्ञानाच्या रूपातच फेडावे लागेल.

हे देणे शासनानेही कागदावर मान्य केले आहे. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने मे २०२२ मध्ये वैज्ञानिकांच्या सामाजिक उत्तरदायित्वासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रत्येक ज्ञानकर्मीने वर्षाकाठी किमान दहा दिवस समाजासाठी, शाळा-महाविद्यालयांसाठी द्यावेत, आणि या कामाला त्याच्या मूल्यमापनात स्थान असावे, असे त्यांत म्हटले आहे. दहा दिवस! पन्नास संशोधकांची संस्था धरली तर पाचशे दिवस होतात. पनवेलसारख्या एका तालुक्याचे शालेय विज्ञान पाच वर्षांत पालटावयास एवढे श्रम पुरेसे आहेत. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. प्रत्यक्षात बढती होते ती छापून आलेल्या निबंधांच्या संख्येवर. अमेरिकेतील नियतकालिकात आठ पाने छापून आली की गुण मिळतात. वाडीवरच्या गुरुजींबरोबर आठ शनिवार घालविले तर कोणी विचारीत नाही. मग शहाणा माणूस काय करील? दोष व्यक्तींचा थोडा आहे, व्यवस्थेचा फार आहे.

यावर काही आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की संशोधकाचा वेळ मौल्यवान आहे; शाळेत शिकविणे हे शिक्षकाचे काम. हे म्हणणाऱ्यांनी जे. बी. एस. हॉल्डेन यांचे चरित्र पाहावे. अनुवंशशास्त्रात ज्यांचे नाव कायमचे कोरले गेले, ते हॉल्डेन लंडनच्या विद्यापीठात प्राध्यापक असताना कामगारांच्या दैनिकात वर्षानुवर्षे विज्ञानावर लेख लिहीत होते. पुढे ते भारतात आले, येथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्यांच्या संशोधनाला त्यामुळे काही उणेपणा आला नाही. आपल्याकडे जयंत नारळीकरांकडे मुले स्वाक्षरी मागावयास जात, तेव्हा ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. आणि उत्तरे जात. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. विश्वाच्या उत्पत्तीवर वाद घालणाऱ्या माणसाला पोस्टकार्डासाठी वेळ मिळत होता. तो आमच्या विभागप्रमुखांना का मिळू नये?

दुसरा आक्षेप भाषेचा. विज्ञान मराठीत सांगता येत नाही, मग कातकऱ्याच्या पोराला काय सांगणार? याचे उत्तर पनवेलहून हार्बर मार्गाच्या गाडीने जाता येईल इतके जवळ आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. ते आज मानखुर्दला आहे. या केंद्रातील वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांत जाऊन राहिले. मुलांना विज्ञान अवघड जाते याचे एक मोठे कारण पाठ्यपुस्तकाची बोजड भाषा हे आहे, हे त्यांनी तपासून दाखविले. भाषा सोपी केली तेव्हा आकलन वाढले. याच केंद्राने पुढे मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काही वर्षे सलग काम केले, आणि ज्यांच्याकडून कोणी काही अपेक्षा करीत नव्हते ती मुले शालान्त परीक्षेत पुढे आली. बुद्धीचा तुटवडा नव्हता. तुटवडा होता तो सोबतीचा. मात्र हे काम एका दिवसाच्या जत्रेतून झाले नाही, वर्षानुवर्षांच्या राबण्यातून झाले, हे विसरता कामा नये.

तिसरा आक्षेप अलीकडचा आहे: आता सारे मोबाईलवर मिळते. मिळते खरे. पण त्याच मोबाईलवर ग्रहणात गरोदर बाईने काय करू नये हेही मिळते आणि ते अधिक ठासून मिळते. खरे कोणते आणि खोटे कोणते हे पारखण्याची सवय माणसाला माणसाच्या सहवासात लागते.

होशंगाबादचा अनुभव या संदर्भात मोलाचा आहे. मध्य प्रदेशातील त्या जिल्ह्यात १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांत कृतीतून विज्ञान शिकविण्याचा कार्यक्रम सुरू झाला. टाटा संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील अध्यापक खेड्यांतील शिक्षकांबरोबर बसून प्रयोग रचीत, चुका करीत, पुन्हा रचीत. मुलांनी 'सवालीराम' नावाच्या काल्पनिक पात्राला पत्र लिहावे आणि जाणकारांनी त्याच्या नावे उत्तर द्यावे, अशी तेथे रीत होती. विद्यापीठ आणि गाव यांच्यात बरोबरीचे नाते जुळू शकते, हे त्या कार्यक्रमाने तीस वर्षे दाखविले. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला.

त्यातून मिळणारा धडा राजकीय आहे. लोकांत रुजलेले विज्ञान सत्तेला नेहमीच सोयीचे वाटते असे नाही. आणि न रुजलेल्या विज्ञानाला तर कोणी वालीच नसतो. २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग आणि मूलद्रव्यांची आवर्तसारणी वगळली गेली, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी निषेधाचे पत्रक काढले. ते योग्यच झाले. पण गावोगावचे पालक हलले नाहीत. ते कसे हलतील? उत्क्रांतीविषयी त्यांच्याशी कोणी कधी बोललेच नव्हते. ज्या विज्ञानाला लोक आपले मानीत नाहीत, त्यावर घाला आला तर लोक धावून येत नाहीत. डॉ. नरेंद्र दाभोलकर गावोगाव, शाळाशाळांतून बोलत हिंडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर त्यांच्या कामासाठी जी माणसे उभी राहिली ती बव्हंशी या हिंडण्यातून जोडलेली होती. प्रयोगशाळेच्या कुंपणाआड बसून अशी माणसे जोडता येत नाहीत.

मग करावयाचे काय? माझी सूचना साधी आहे. दर महिन्याला प्रत्येक केंद्रातील प्राथमिक शिक्षक शिक्षण परिषदेसाठी एकत्र येतात. पनवेल तालुक्यातील एकेक केंद्र एकेका संशोधनसंस्थेशी किंवा महाविद्यालयाच्या विज्ञान विभागाशी तीन वर्षांसाठी जोडावे. रयत शिक्षण संस्थेच्या महात्मा फुले महाविद्यालयासारखी महाविद्यालये या गावात आहेत. कर्मवीरांच्या नावाने चालणाऱ्या संस्थांना शेवटच्या शाळेपर्यंत जाण्याचे महत्त्व पटवावे लागू नये. संशोधकाने प्रथम शिक्षकांबरोबर बसावे, त्यांच्या अडचणी ऐकाव्यात, मग मुलांपुढे उभे राहावे. प्रत्येक शाळेत एक प्रश्नपेटी असावी आणि तिच्यातील चिठ्ठ्यांना महिन्याभरात मराठीत लेखी उत्तर मिळावे. मूल कातकरी किंवा आगरी बोलीत विचारील, तर ती बोली कानावर घेण्याचे कष्ट संशोधकाने घ्यावेत. दुर्बिणी आणि संगणक नसले तरी चालेल. दोरा, आरसा, सुई आणि चुंबक एवढ्यावर पहिले वर्ष निघते. आणि जून ते मे या काळात कोणत्या मुलांची शाळा वीटभट्टीमुळे सुटते हे पाहून कार्यक्रम आखावा, नाहीतर उत्तर पोहोचेल तेव्हा मूल नसेल.

साथींनो, आता थोडे आपल्याविषयी. आणीबाणीतील ४२ व्या घटनादुरुस्तीशी आपण भांडलो, ते बरोबरच होते. पण त्याच १९७६ च्या दुरुस्तीने नागरिकाच्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोनाचा अंतर्भाव झाला आणि ते कर्तव्य आपल्यालाही लागू आहे. जमिनीच्या मोबदल्यासाठी, साडेबारा टक्के भूखंडासाठी आपण मोर्चे काढले. १९८४ च्या जानेवारीत जासई आणि दास्तान फाट्यावर शेतकऱ्यांचे रक्त सांडले, त्याचा वारसा आपण सांगतो. परंतु ज्ञान ही देखील मालमत्ता आहे आणि तिचीही मूठभरांकडे मिरासदारी झाली आहे, हे आपल्या ठरावांत क्वचितच येते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा समूह शाळेत विलीन करण्याची कल्पना शासनाने २०२३ मध्ये पुढे आणली, तेव्हा आपण विरोध केला. वाडीवरची शाळा वाचली पाहिजेच. पण वाचलेल्या शाळेत काय शिकविले जाते, हा प्रश्नही आपलाच आहे.

आरंभ लहान असू द्या. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आपल्या हाती आहे. केंद्र सरकारच्या प्रत्येक संशोधनसंस्थेकडे दहा रुपयांचा अर्ज करून विचारा: गेल्या वर्षी आपल्या संशोधकांनी आपले दहा दिवस कोठे, कोणत्या शाळांत, कोणत्या भाषेत खर्च केले? उत्तरे आली की ती पंचायत समितीच्या फलकावर लावा. ज्यांनी काम केले असेल त्यांचा जाहीर सत्कार करा, कारण असे लोक आहेत आणि ते एकाकी आहेत. ज्यांनी केले नसेल त्यांना भांडण्याच्या पवित्र्यात न जाता निमंत्रण द्या. तारा गावी युसुफ मेहेरअली सेंटर उभे आहे. शिक्षक आणि शास्त्रज्ञ यांची पहिली बैठक तेथे होण्यास काय हरकत आहे?

त्या मुलीचे उत्तर मी गुरुजींपाशी कागदावर लिहून ठेवले आहे. ती भट्टीवरून परतली की ते तिला द्यावे, असे सांगितले होते. तिला ते मिळाले की नाही हे मला कळले नाही. माझ्यासारख्या निवृत्त अर्थशास्त्रज्ञाने चिठ्ठी लिहून हे देणे फिटणार नाही. ज्यांना त्या सुईचे शास्त्र ठाऊक आहे आणि ज्यांचा पगार तिच्या आईबापांच्याही घामातून निघतो, त्यांनी ती वाडी चढून गेले पाहिजे. आणि ते जात नसतील, तर त्यांना वाट दाखवावयास आपण गेले पाहिजे.